बडोद्यात नव्याने आलात? शेतकऱ्याकडून भाजी घेताना खरा खर्च असा मोजा

लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला आले त्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीला मी खंडेराव मार्केटात जाऊन एक किलो रताळी मागितली. भाजीवाल्या मासींनी मातीने माखलेला, आतून जांभळा असा एक ओबडधोबड कंद ताजव्यात ठेवला. मी म्हटलं, ‘रताळं पाहिजे’. त्या म्हणाल्या, ‘हा, रताळुच छे ने!’ घरी येऊन चिरल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगं हे तर कोनफळ! गुजरातीत रताळू म्हणजे कोनफळ. आपल्या रताळ्यांना इथे शक्करिया म्हणतात. कोनफळही उपासाला चालतं म्हणून निभावलं, पण पैसे मात्र रताळ्यांपेक्षा जवळपास दुप्पट मोजले होते.

पुणे-नाशिक-जळगावकडून नोकरीनिमित्त बडोद्यात येणारी मराठी कुटुंबं दरवर्षी भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: थेट शेतकऱ्याकडून घेतलेली ताजी भाजी परवडते का? माझं उत्तर असं, की परवडते, पण पाटीवरचा किलोचा भाव बघून ते कळत नाही. भाजी निवडून, चिरून, ताटात पडेपर्यंत किती रुपये झाले ते मोजलं, की कळतं. हे मोजायचं कसं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: नावं पाठ करा

बडोद्याच्या बाजारात मराठी बोललं तरी बऱ्याचदा चालतं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत आणि जुन्या भाजीवाल्यांना ‘कोथिंबीर’ही कळते, ‘कोथमीर’ही कळते. पण गावातून सकाळी टोपली घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ते कळेलच असं नाही, आणि स्वस्त-ताजा माल नेमका त्याच्याकडे असतो.

बरीचशी नावं आपल्या जवळची आहेत: भेंडीला भींडा, गवारीला गुवार, कारल्याला कारेलां, चवळीला चोळी. वांग्याला मात्र रींगणां, दोडक्याला तुरियां, घोसाळ्याला गलकां, तोंडल्याला घिलोडां किंवा टिंडोळां, शेवग्याला सरगवो. शेपू मागायचा तर ‘सुवानी भाजी’ म्हणा, नाहीतर कुणी ओळखणार नाही. वडीचं अळू हवं असेल तर ‘पातरानां पान’. थंडीतल्या डिंगऱ्या म्हणजे मोगरी. तुरीच्या ओल्या शेंगा म्हणजे लीली तुवेर, आणि त्यातून सोललेले हिरवे दाणे म्हणजे लीलवा.

फसवणारे शब्द थोडेच आहेत, पण महागात पडतात. रताळूचं वर सांगितलंच. दुसरा शब्द कोळुं. आपण कोहळा समजून मागतो आणि हातात लाल भोपळा येतो. तिसरा सींग. नुसतं सींग म्हटलं तर शेंगदाणे, शेवग्याच्या शेंगा हव्या असतील तर ‘सरगवानी सींग’.

दुसरं काम: भाव कशाचा सांगितला ते ऐका

नवख्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि यात फसवणूक कुणाचीच नसते. बडोद्यात बऱ्याच भाज्यांचा भाव पावकिलोचा सांगतात. ‘वीसना अढीसो’ म्हणजे अडीचशे ग्रॅमला 20 रुपये, म्हणजे किलोला 80. गर्दीत आपल्या कानावर फक्त ‘वीस’ पडतं, आपण किलोभर भरून घेतो आणि पैसे देताना दचकतो. शेजारच्याच टोपलीत ‘पचासना किलो’ असतं. म्हणून चारने गुणायची सवय लावा, आणि शंका आली तर सरळ विचारा: ‘किलोना के अढीसोना?’ यात लाज वाटायचं काही कारण नाही, जन्माने बडोदेकर असलेल्या बायकाही विचारतात.

पाट्यांवरचे आकडे गुजराती असतील तर एक लक्षात ठेवा. बाकीचे आकडे देवनागरीच्या ओळखीने लागतात, पण गुजराती पाच थेट आपल्या ‘प’सारखा दिसतो.

घाऊक बाजारात गेलात तर भाव मणाचा असतो. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी मण म्हणजे चाळीस शेर, साधारण 37 किलो, हिशेबाला सोपं म्हणून चाळीस धरायचे. गुजरातेत मण म्हणजे सरळ 20 किलो. टोमॅटोचा भाव ‘त्रणसो’ सांगितला तर तो 15 रुपये किलो. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. तिथे ते क्विंटलमध्ये असतात, म्हणजे शंभराने भागायचं. बाजाराला निघण्याआधी तीन-चार भाज्यांचे भाव मी तिथे पाहून घेते. त्या भावात भाजी मिळावी ही माझी अपेक्षा नसते. लारीवरचा, म्हणजे हातगाडीवरचा, भाव घाऊकच्या किती पट आहे, एवढं त्यावरून कळतं.

मधला पैसा कुणाचा

शेतातून निघालेली भाजी बाजार समितीत आडत्याकडे जाते, तिथून घाऊक व्यापारी, मग किरकोळ विक्रेता, मग आपल्या सोसायटीच्या फाटकावरची लारी. प्रत्येक टप्प्यावर हमाली, भाडं, दलाली आणि सडून फेकलेल्या मालाची भरपाई वाढत जाते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले साधारण 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37. उरलेले सगळे कुणी लुबाडले असं समजू नका. उन्हात लारी ढकलणाऱ्या माणसाची मजुरीही त्यातच असते.

पण यातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. शेतकऱ्याला घाऊक बाजारात 15 रुपये मिळणार आणि लारीवर तोच माल 40 ला जाणार असेल, तर 15 आणि 40 च्या मध्ये बरीच जागा आहे. थेट व्यवहारात तुम्ही 30 दिले तर त्याला दुप्पट मिळाले आणि तुमचे 10 वाचले. थेट खरेदीचा सगळा अर्थ या मधल्या जागेत आहे. म्हणून शेतकऱ्याशी 15 पर्यंत घासाघीस करणं मला पटत नाही. तो टोपली घेऊन दिवसभर बसतो, बसचं किंवा छकड्याचं, म्हणजे इथल्या तीनचाकी गाडीचं, भाडं भरतो, न विकलेला माल परत नेतो. आडत्याचं काम तोच करत असतो, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

तिसरं काम: जागा निवडा

खंडेराव मार्केट ही पहिली जागा. 1906 साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी बांधलेली ही इमारत इतकी देखणी आहे, की नवा माणूस आधी वर बघतो आणि भाजी नंतर. महापालिकेचं मुख्य कार्यालयही तिथेच आहे. भाजी, फळं, फुलं सगळं एका ठिकाणी मिळतं. इथे बसणारे बहुतेक विक्रेते शेतकरी नव्हेत, व्यापारी आहेत, हे आधीच समजून घ्या. फायदा असा, की शेजारी शेजारी दहा दुकानं असल्याने भाव ताळ्यावर राहतात. पहिले दोन महिने इथेच जा, डोळा तयार होतो.

शहराच्या कडेला, पादरा रस्ता किंवा वाघोडिया रस्त्यासारख्या ठिकाणी आसपासच्या गावांतली माणसं सकाळी माल घेऊन बसतात. पादरा तालुका भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे आणि शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच आहे. पहाटे तोडलेली भेंडी सातला तुमच्या पिशवीत येऊ शकते. ताजेपणाच्या बाबतीत याच्याशी कुणाची बरोबरी नाही.

सयाजीपुऱ्याचा घाऊक बाजार एकट्या कुटुंबाच्या कामाचा नाही. चार घरांनी मिळून कांदे-बटाटे-टोमॅटो मणाने घेतले आणि वाटून घेतले तर परवडतो. आमच्या इमारतीत आम्ही तिघी मैत्रिणी महिन्यातून एकदा जातो. पालेभाजीसाठी तिकडे जाऊ नका, मणभर मेथी कुणी निवडायची!

आणि मग प्राकृतिक, म्हणजे रासायनिक खतं-औषधं न वापरता, शेती करणाऱ्या शेतकऱ्यांचे आठवड्याचे स्टॉल. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते, कारण खर्चाचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

चौथं काम: शेतकरी कोण, व्यापारी कोण

एकदा एका ‘खेतरनी ताजी शाकभाजी’ अशी पाटी लावलेल्या टेबलावरून मी दोन महिने भाजी घेतली. किलोमागे दहा-पंधरा रुपये जास्त देत होते आणि आनंदाने देत होते. ऑगस्टमध्ये एक दिवस त्याच टेबलावर मटार दिसले. ऑगस्टमध्ये बडोद्याच्या आसपास मटार होत नाहीत, ते डोंगराळ भागातून येतात. विचारल्यावर माणूस गडबडला. माल सगळा घाऊक बाजारातला होता. राग आला, पण चूक माझीही होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी चार गोष्टी बघते. खऱ्या शेतकऱ्याच्या टोपलीत एका वेळी पाच-सहा प्रकारांपेक्षा जास्त भाज्या क्वचितच असतात. पंधरा प्रकार असतील तर तो व्यापारी आहे. व्यापारी असणं गुन्हा नाही, पण मग शेतकऱ्याचा भाव कशाला द्यायचा? दुसरं, मालाचा आकार एकसारखा नसतो. लहान-मोठं, वाकडं-सरळ सगळं एकत्र असतं, कारण प्रतवारी केलेली नसते. तिसरं, देठ बघा. आज तोडलेल्या दुधीचा देठ ओला आणि हिरवा असतो, नख लावलं तर पाणी सुटतं. कालचा देठ तपकिरी पडून आत ओढला जातो. चौथं, बोला. ‘काका, कयुं गाम? पाणी कूवानुं के नहेरनुं?’ हा प्रश्न शेतकऱ्याला इतका आवडतो, की तो पाच मिनिटं बोलत राहतो. ज्याला शेत नाही तो दोन शब्दांत आटोपतो.

पाचवं काम: ताटातला भाव काढा

हे मन लावून वाचा. घरात छोटा वजनकाटा असेल तर आठवडाभर एवढंच करा, की भाजी आणल्यावर तोला आणि निवडून झाल्यावर पुन्हा तोला.

मागच्या डिसेंबरात मी 40 रुपये किलोने अर्धा किलो मेथी आणली. मुळं, माती, जाड दांड्या, पिवळी पानं काढून काट्यावर ठेवली तर 220 ग्रॅम भरली. म्हणजे 20 रुपयांत 220 ग्रॅम, खरा भाव 90 रुपये किलो. त्याच दिवशी शेजारणीने शेतकऱ्याकडून 60 च्या भावाने मेथी आणली होती. मुळं छाटलेली, कोवळी, माती नाही. तिच्या अर्ध्या किलोतून 350 ग्रॅमच्या वर पानं निघाली. तिचा खरा भाव 86 च्या आत. पाटीवर वीस रुपयांनी महाग दिसणारी मेथी ताटात माझ्यापेक्षा स्वस्त होती आणि निवडायला निम्मा वेळही लागला नाही.

शेंगांचंही असंच. मटार सोलले की दाणे जेमतेम निम्मे निघतात. 60 रुपये किलोच्या शेंगा म्हणजे 120 रुपये किलोचे दाणे. तुरीचंही तसंच. थंडीत बाजारात बायका बसल्या बसल्या तुरीच्या शेंगा सोलत असतात. अंगठ्याचं नख शेंगेच्या कडेत घालून एका ओढीत चार-पाच दाणे वाटीत, नजर गिऱ्हाइकावर आणि बोटं हिरवी झालेली. समजा शेंगा 80 ने आहेत आणि सोललेले लीलवा 240 ने. घरी सोलले तर दाण्यांचा भाव 160 पडतो. म्हणजे किलोमागे 80 रुपये ही त्या मासींच्या बोटांची मजुरी आहे, आणि किलोभर दाणे सोलायला मला तरी दीड तास लागतो. सुट्टी असेल तर मी घरी सोलते, नाहीतर त्यांना ते 80 रुपये देते आणि ते मला कधीच जास्त वाटलेले नाहीत.

जाण्यायेण्याचा खर्चही यातच धरा. स्कूटरला किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपयांचं पेट्रोल लागतं. आठ किलोमीटर जाऊन आठ किलोमीटर आलात तर साधारण 35 रुपये झाले. तीन किलो भाजीवर किलोमागे दहा रुपये वाचवलेत तर सगळी बचत पेट्रोलमध्ये गेली आणि वर पाच रुपये खर्च. म्हणून लांबच्या शेतकऱ्याकडे जायचं तर आठ-दहा किलोची खेप करा किंवा दोघींनी मिळून जा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्यांचा आहे, बटाटे-रताळ्यासारखे कंद सोडून. चौघांच्या घराला आठवड्याला अकरा किलो झाले. तेव्हा दहा किलोची खेप ही काही चैन नव्हे.

राहिला सडून जाणारा माल. शेतकऱ्याकडची पालेभाजी पहाटे तोडलेली असली तर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते, लारीवर दिवसभर पाणी मारलेली दुसऱ्या दिवशीच काळी पडते. फेकलेली जुडी ही सगळ्यात महाग भाजी.

प्राकृतिक भाजीला जास्त पैसे द्यायचे का

गुजरातेत गाय आधारित प्राकृतिक शेतीवर सरकारचा मोठा भर आहे. डांग जिल्हा 2021 मध्ये पूर्ण प्राकृतिक शेतीचा म्हणून जाहीर झाला. या पद्धतीचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर आपल्या विदर्भातले, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. शहरात अशा शेतकऱ्यांचे स्टॉल लागतात आणि भाव लारीपेक्षा सव्वापट, दीडपट, कधी दुप्पटही असतो.

तो का असतो हे समजलं तर पैसे देताना मन खात नाही. तणनाशक नाही, म्हणून निंदणी हाताने, आणि मजूर मिळत नाहीत. रासायनिक खत बंद केल्यावर सुरुवातीची वर्षं उत्पन्न अनेकदा घटतं. माल थोडा, म्हणून भाड्याचा भार किलोमागे जास्त. देशी गाय पाळणाऱ्या अशा शेतकऱ्याला राज्य सरकार गायीमागे महिन्याला 900 रुपये देतं. गाय सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, तेवढ्यात महिन्याचा चारासुद्धा भागत नाही.

पण जास्त पैसे द्यायचे तर खात्री हवी. पाकीटबंद मालावर ‘सेंद्रिय’ लिहिलेलं असेल तर ‘जैविक भारत’ हे चिन्ह शोधा. छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल तर 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याला प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली आहे. तेव्हा कागद नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. काहींकडे पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र असतं. त्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. त्यात ‘ग्रीन’ म्हणजे शेत अजून बदलाच्या वाटेवर आहे, ‘ऑरगॅनिक’ म्हणजे बदल पूर्ण झाला. दोघांना एकच भाव द्यायचा का हे तुम्ही ठरवा. मी देते, कारण बदलाची वर्षंच शेतकऱ्याला सगळ्यात जड जातात.

कागद नसेल तर मी एकच विचारते, की खताऐवजी शेताला घालायचं जीवामृत कसं बनवता: ‘जीवामृत केवी रीते बनावो छो?’ करणारा माणूस घडाघडा सांगतो. दोनशे लिटर पाण्याला दहा किलो ताजं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, रोज ढवळायचं, एवढं एका एकराला. प्रमाण थोडं मागेपुढे होईल, पण ढवळण्याचा हात करून दाखवल्याशिवाय तो राहणार नाही. ज्याने कधी केलं नाही तो ‘बधुं देशी छे, बेन’ एवढ्यावर थांबतो.

सगळीच भाजी प्राकृतिक घ्यायला माझं बजेट पुरत नाही. म्हणून जे कच्चं किंवा सालासकट खातो ते तिथून घेते: कोथिंबीर, पालक, मेथी, टोमॅटो, मिरची, पेरू. कांदा, लसूण, दुधी, भोपळा नेहमीच्या बाजारातून. महिन्याच्या भाजीखर्चात यामुळे सहावा हिस्सा वाढ होते. बाहेरचं जेवण एकदा कमी केलं की ती भरून निघते.

ऋतू आणि सणांचा हिशेब

स्वस्त आणि चांगली भाजी एकाच वेळी हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पापडी, तूर, मटार, मेथी, मुळा, गाजर, ओली हळद, आंबेहळद, सगळं येतं आणि भाव रोज खाली येतात. फक्त उत्तरायणाच्या आधीचे तीन-चार दिवस टाळा. 14 जानेवारीला घरोघर उंधियू होतो, त्यामुळे पापडी, कोनफळ, लीलवा यांचे भाव एकदम चढतात आणि 16 तारखेला उतरतात. आमच्याकडे उंधियू त्यानंतरच्या रविवारी होतो. चव तीच, खर्च बराच कमी.

पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली असते. त्या दिवसांत वेलावरच्या भाज्यांकडे वळा: दोडकी, घोसाळी, कारली, तोंडली. करटुली, म्हणजे इथली कंकोडां, याच दिवसांत येतात. ती बरीचशी रानातून वेचून आणलेली असतात, म्हणून कधीच स्वस्त नसतात. वर्षातून दोनदा घ्या, पण घ्या.

आपल्या ऋषिपंचमीच्या भाजीसाठी अळू, सुरण आणि बाकीचं सामान दोन दिवस आधी घेऊन ठेवा. आदल्या संध्याकाळी सगळं मराठी बडोदं त्याच तीन टोपल्यांभोवती असतं.

काटा आणि सुट्टे पैसे

इलेक्ट्रॉनिक काट्यावर भाजी ठेवण्याआधी शून्य बघा, टोपली वर असेल तर तिचं वजन वजा केलंय का ते बघा. वैधमापन कायद्याने व्यापाऱ्याच्या काट्यावर पडताळणीचा शिक्का असावा लागतो. शंका आली तर पिशवीतली एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली काट्यावर ठेवा. बाटलीचं वजन धरून एक किलोपेक्षा किंचित जास्त दाखवायला हवं. नऊशे दाखवलं तर गोड बोलून पुढे निघा, भांडत बसू नका.

लारीवर भाव करायला हरकत नाही. शेतकऱ्याकडे भाव पाडून मागण्यापेक्षा ‘बे किलो लऊं तो?’, म्हणजे दोन किलो घेतले तर, असं विचारा, तो आपण होऊन कमी करतो. आणि ‘लीलो मसालो’ मागायला विसरू नका: चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा. पावसाळ्यात कोथिंबीर महाग असताना मात्र मागू नये.

वर्षाचं धान्य

भाजीची ओळख झाली की त्याच माणसाला मार्च-एप्रिलमध्ये गहू विचारा. बडोद्यात अजूनही पुष्कळ घरं वर्षाचा गहू एकदम भरतात. भालिया गव्हाला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो भाल प्रदेशात जमिनीत मुरलेल्या पाण्याच्या ओलीवर पिकतो आणि त्याचा भाव वरचा असतो. रोजच्या पोळ्यांना लोक-1 छान, ती जात सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेली आहे. भाव मणाचाच, म्हणजे 20 किलोचा. चौघांच्या घराला महिन्याला पंधरा किलो धरले तर वर्षाला नऊ मण. चाळून, कडक उन्हात वाळवून, दिवेल म्हणजे एरंडेल तेलाचा हात फिरवून कोठीत भरायचा. शेतकऱ्याला आधी पाच किलो मागा, पोळ्या करून बघा, मगच बाकीचा सांगा. तूरडाळीसाठी मही नदीकाठचं वासद प्रसिद्ध आहे. आणंदकडे जाणं झालं तर पाच किलो आणावीच.

पहिली फेरी

येत्या रविवारी साडेसहाला निघा. दोन कापडी पिशव्या, पालेभाजीसाठी एक ओलं फडकं, पाण्याची बाटली, दहा-वीसच्या नोटा. क्यूआर कोड हल्ली बहुतेकांकडे असतो, पण गावातल्या आजींकडे नसतो. आधी सगळ्या टोपल्यांवरून एक चक्कर मारा, काही घेऊ नका. मग पाचच भाज्या घ्या, त्यातल्या दोन शेतकऱ्याकडून. घरी येऊन पाचही निवडण्याआधी आणि निवडल्यावर तोला, आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. ज्या काकांची भेंडी गुरुवारपर्यंत टिकेल, पुढच्या रविवारी त्यांचा फोन नंबर मागून घ्या आणि त्यानंतरच्या रविवारी काय आणणार ते विचारा, ‘काका, आवता रविवारे शुं लावशो?’